अर्ध्या शटरचं उद्घाटन

चौसाळ्याची पेठ बंद करायची म्हणलं तर पुढाऱ्याला आधी तीन दिवस बैठका घ्याव्या लागतात. भोंगा लावून गाडी फिरवावी लागते, दुकानदारांच्या हातापाया पडावं लागतं. एवढं करून दोन-चार दुकानं मागल्या दारानं चालूच असतात. मी मात्र एकट्यानं, तोंडातून चकार शब्द न काढता, एका तासात अख्खी पेठ अर्ध्यावर आणली! हसू नका. आधी ऐका, मग हसा. चहा उकळतोय तोवर माझी फजिती सांगून होते.

मुळात मी काही भित्रा नव्हतो. खरंच! मला भित्रं केलं कोंबड्यांनी.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या वाडीत पोल्ट्री टाकली होती. आमचं घराणं मेंढरामागं फिरणारं, त्यात धंदा टाकणारा मी पहिला. उद्घाटन असं केलं की लग्नं मागं पडावीत! मांडव, डीजे, पंगती, आणि फीत कापायला आमच्या भागाचे पुढारी आप्पा. डोक्याला गुलाबी फेटा, काखेत कोंबडा, असा मी फोटोपण काढून घेतला. दोन महिन्यांत रोग आला आणि शेड रिकामं.

गाव पंगत विसरलं, डीजे विसरलं, खाल्लेले लाडू विसरलं. लक्षात काय ठेवलं? आईबापानं हौसेनं ठेवलेलं माझं नाव भागवत, गावानं ते केलं ब्रॉयलर! तुम्हाला खोटं वाटेल, पण एकदा लग्नपत्रिकेवर 'श्री. ब्रॉयलर, सहकुटुंब' असं लिहून आलंय. सुरेखानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, ती पत्रिका चुलीत घातली.

तेव्हापासून नवीन काही करायचं म्हणलं की माझ्या पोटात गोळा उठायचा. मग बीडला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो. आपल्या जिल्ह्यात बॅनरला काय तोटा? वाढदिवस, निवड, नेमणूक, श्रद्धांजली. इथं माणसाची सर्दी बरी झाली तरी चौकात बॅनर लागतं! कामावर माझा हात बसला. मालक म्हणायचे, "भागवत, आता स्वतःचं टाक." मी म्हणायचो, "टाकतो की." आणि टाकत काही नव्हतो.

शेवटी सुरेखानं मला न विचारता तिच्या चार शेळ्या विकल्या. लेकरावाणी वाढवलेल्या शेळ्या हो! गेल्या त्या दिवशी ती जेवली नाही. त्यातून एक जुनी फ्लेक्सची मशीन आली, पेठेत गाळा घेतला, बोर्ड रंगवला, 'श्री डिजिटल फ्लेक्स'. माझं नाव बोर्डावर घालू नको, असं पेंटरला मीच बजावलं. ब्रॉयलरचं दुकान म्हणल्यावर कोण पायरी चढणार?

आणि मग? मग महिनाभर दुकान उघडलंच नाही. आधी अमावस्या आडवी आली. मग मशीनला तेल द्यायचं राहिलं. मग खुर्ची डगमगती निघाली. रोज सकाळी किल्ली खिशात घालून जायचो, गाळ्यावरून दोन चकरा मारायचो आणि घरी यायचो.

"आज उघडलं का?" सुरेखा विचारायची.

"आज न्हाई. जरा पितर निघू दे."

"पितर निगून पंधरा दिस झाले! कोणाचे पितर हायत तुमचे, आजून जायनात?" ती कडाडली. "ऐका. माझ्या चार शेळ्या त्या मशीनीत गेल्यात. त्या बंद गाळ्यात त्याच कोंडल्यात असं वाटतंय मला. उद्या तुमी उघडा. मी बारा वाजता नारळ अन् डबा घिऊन येते. शटर खाली दिसलं ना, तर दाराम्होरं उभी राहून वराडीन, ब्रॉयलरचं दुकान उघडलंऽऽ!"

आता काय करता? आदल्या संध्याकाळी हॉटेलात चहा पिताना मला नुसत्या विचारानं घाम फुटला. छाती चोळत बसलो. दोघा-चौघांनी विचारलं, "काय बे ब्रॉयलर, दुखतंय का?" म्हणलं, "दुखत न्हाई. जरा धडधडाय लागलंय." हे वाक्य ध्यानात ठेवा. तेच माझ्या अंगाशी आलं.

सकाळी निघताना मला एक नामी युक्ती सुचली. दुकान उघडायचं, पण पूर्ण नाही. शटर फक्त अर्ध्यापर्यंत वर! गिऱ्हाईक आलं तर वाकून येईल. नाही आलं तर पायानं शटर खाली ओढायचं आणि गुपचूप घरी. कुणाला पत्ताच नाही की दुकान उघडलं होतं, म्हणजे बंद पडलं म्हणून हसायचा प्रश्नच मिटला. हाय का न्हाई डोकं? बोर्डावर घरची पांढरी चादर टाकली, लोकांनी लगेच वाचायला नको. आणि "काय ब्रॉयलर, किती गिऱ्हाईकं आली?" असे फोन नकोत म्हणून माझा नेहमीचा मोबाईल बंद करून टाकला. दुकानाचा नवा नंबर तेवढा चालू. तो एका चिठ्ठीवर लिहून एसटी स्टँडवर चिकटवलेला, त्यावरही नाव नाही.

असा मी आत बसलो. बसलो कसला! उठलो, मशीन पुसली, बसलो, पाणी प्यालो, उठलो, पुसलेली मशीन पुन्हा पुसली. अर्ध्या शटरखालून मला रस्त्यावरचे फक्त पाय दिसत होते. चपला यायच्या, गाळ्यासमोर थांबायच्या, काहीतरी कुजबुज व्हायची आणि हळूहळू पुढं जायच्या. एक जोडी बूट तर बराच वेळ उभे होते. कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला.

माझी खात्रीच झाली. कळलं सगळ्यांना! हसायला लागले लोक!

तेवढ्यात समोरून आवाज आला, खडडड. समोर सय्यद मामूचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, त्याचं शटर खाली येत होतं. मग शेजारचं भांड्यांचं दुकान, खडडड. मग किराणा. मग कापडवाला. मी वाकून बघितलं तर अख्ख्या रांगेची शटरं अर्ध्यावर आलेली! काय पायगुण म्हणायचा हा? मी दुकान उघडलं आणि पेठ बंद!

बाहेर जाऊन कुणाला विचारायचं ना? साधं विचारायचं! पण नाही. मी पाय पोटाशी घेऊन खुर्चीवर बसलो.

आणि दुकानाचा फोन वाजला.

"बॅनरवाले का? आप्पांच्या हापिसातून बंडू बोलतोय."

बंडू म्हणजे आप्पांचा उजवा हात. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही आप्पांचं!

"बोला ना साहेब!"

"अर्जंटमधी एक श्रद्धांजलीचं बॅनर पायजे. दहा बाय आठ. दुसऱ्या पार्टीच्या आधी आपलं लागलं पायजे. जमतंय का?"

"जमतंय म्हणजे? आर्ध्या तासात! कोण वारलं?"

"हाय एक कार्यकर्ता. मी फोटो हुडकू लागलोय, नाव अन् फोटो मागून धाडतो. तू तवर बाकीचं उरक."

"मजकूर काय टाकू?"

"लिव तुझ्या मनानं. चांगला पोरगा व्हता म्हणं. काय तरी नवीन धंदा टाकला व्हता त्यानं."

काय सांगू, असा हुरूप आला मला! पोटातला गोळा कुठल्या कुठं गेला. वाढदिवसाचं एक तयार डिझाईन घेतलं, केक काढून समया ठेवल्या, फुगे काढून ढग टाकले. मधी मयताच्या फोटोला जागा, आणि कडेला आप्पांचा फोटो त्याच्या दुप्पट. हा आमच्या धंद्यातला नियमच आहे. मजकुराला तर हात आखडला नाही. 'होतकरू, कष्टाळू, जिद्दी व्यक्तिमत्त्व' असं मोठ्या अक्षरात टाकलं. खाली, 'तुझ्या जाण्याने उद्योगविश्वात कधीही न भरून येणारी पोकळी'. म्हणलं, बिचारा! नवा धंदा टाकला आणि गेला. आपल्यासारखाच कुणीतरी असंल.

टिंग. व्हॉट्सॲपवर फोटो आला.

गुलाबी फेटा. काखेत कोंबडा.

खाली बंडूनं लिहिलेलं, 'कै. भागवत. कंसात ब्रॉयलर टाक नायतर लोकांना कळायचं न्हाई कोण गेलं.'

मी सगळ्यात आधी काय केलं असेल? नाडी बघितली. शपथ सांगतो, स्वतःची नाडी बघितली!

झालं होतं ते असं. हे मला नंतर मामूनं सांगितलं. आपल्याकडं पेठेत कुणी वारलं की शेजारपाजारचे शटर अर्ध्यावर ओढतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मामूनं बघितलं, माझं शटर अर्धं, वर पांढरी चादर, माणूस दिसत नाही. त्यानं बिचाऱ्यानं रीत म्हणून स्वतःचं ओढलं. मामूचं बघून भांडेवाल्यानं ओढलं. किराणावाल्यानं विचारलं, "कोण गेलं?" कुणी म्हणलं, गाळा तर ब्रॉयलरचा आहे. फोन लावला, तर बंद. आणि हॉटेलवाला म्हणाला, "काल सांजच्याला छाती चोळत बसलता की! धडधडतंय म्हणलता." बस्स! झाला माझा निकाल. चार माणसं तर मोटारसायकलवर आमच्या वाडीकडं मातीला निघालीसुद्धा.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? "बंडू, अरे मी जिता हाय," एवढं म्हणलं असतं आणि विषय संपला असता. पण माझं डोकं! मी विचार केला, आत्ता बाहेर गेलो तर अख्खी पेठ हसणार. कोंबड्या निदान दोन महिने तरी टिकल्या होत्या. हे दुकान तर दोन तासांत आटोपलं म्हणतील! आणि दुसरं म्हणजे, बोहनी परत पाठवायची? पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर धंदा बसतो म्हणतात. सुरेखाच्या चार शेळ्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

आणि तिसरं खरं कारण सांगू? डिझाईन लई भारी झालं होतं हो!

मी छापायला टाकलं.

मशीन घर्रर्र करत चालू झाली आणि मी पट्टीपट्टीनं बाहेर यायला लागलो. आधी फेटा आला. मग कपाळ. मग डोळे. मग कोंबड्याची शेंडी. रंग असा झळकत होता की मेलेल्या माणसाला एवढी टवटवी शोभत नाही.

बंडूला फोनवर मागल्या बोळातल्या निळ्या खिडकीचा पत्ता दिला. माझ्या गाळ्याचीच ती मागली खिडकी, पण त्याला काय माहीत? तोंडाला दस्ती बांधली आणि गुंडाळी खिडकीतून बाहेर सरकवली.

"आवाज वळखीचा वाटतोय बे तुझा," बंडू म्हणाला.

"सर्दी झालीय."

"काळजी घे. आजकाल काय भरोसा न्हाई माणसाचा, हा ब्रॉयलरच बघ की. बरं, येतो. जीपा थांबतात त्या चौकात लावायचंय. बारा वाजता शोकसभा हाय, आप्पा बोलणार हायत."

त्याची मोटारसायकल गेली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

बारा वाजता! सुरेखा बारा वाजता जीपमधून त्याच चौकात उतरणार होती!

फोन लावला, तर तो ती लेकरांपाशी घरीच ठेवते. बाबांनो, आत्तापर्यंतची सगळी भीती एका बाजूला आणि ती भीती एका बाजूला. लोक हसतील, धंदा बुडेल, सगळं विसरलो. ती बाई नारळ घेऊन येणार, आणि समोर काय बघणार? मी शटरखालून डोकं खुपसलं, ते ठाण्णकन आपटलं, चपला आतच राहिल्या, तसाच अनवाणी पळत सुटलो.

मामू दारातच बसला होता. त्याच्या हातातली मोटार खाली पडली.

"या अल्ला! भागवत भाय, तुम तो गुजर गए बोले नं?"

"मामू, मागून सांगतो!"

किराणावाल्यानं मला हात जोडले. हॉटेलवाला बाकड्यामागं लपला. एक म्हातारा ओरडला, "आरं, धरा त्याला!" पण मला धरायचं कुणाच्या अंगात होतं?

चौकात पोहोचलो तर बॅनर लागलेलं. खाली गर्दी, आणि गर्दीच्या मधी सुरेखा. एका हातात नारळ, खांद्याला डब्याची पिशवी. वाडीकडं गेलेल्या चौघांची अन् तिची वाटेत चुकामूक झालेली. दोन बाया तिला धरून उभ्या होत्या. ती रडत नव्हती. नुसती बॅनरकडं बघत होती. ते बघून मलाच रडू फुटलं.

"सुरेखा! आगं मी हाय! मी हाय की!"

ती वळली. बाया किंचाळून बाजूला झाल्या. सुरेखा माझ्याजवळ आली आणि आधी मला दंडाला बोटानं टोचून बघितलं. मग जोरात चिमटा काढला. मी ओरडलो तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

"हे कुणी छापलं?"

"मी."

"आपल्या मशीनीवर?"

"व्हय."

तिनं पदरानं डोळे पुसले. बॅनर पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. फेटा बघितला, समया बघितल्या, कोंबडा बघितला. आणि चौक दणाणून सोडला,

"मेल्या! इतकं झकास छापता येतंय, तर महिनाभर कावून भेत व्हतास?"

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा अरे-तुरे! तेही आप्पांसमोर. हो, आप्पा तेवढ्यात गाडीतून उतरले होते. हातात मोठा हार, चेहरा भाषणाचा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बॅनरकडं बघितलं, मग खालच्या ओळीकडं बोट केलं. घाईघाईत वाढदिवसाची तेवढी एक ओळ बदलायची राहून गेली होती.

"का रं भागवत," आप्पा म्हणाले, "तू मेलास अन् आमी तुजे शुभेच्छुक व्हय?"

मग जे हसणं फुटलं म्हणता! जीपवाले हसले, बंडू हसला, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मामू तर रस्त्यातच बसला. पण आप्पा पक्के पुढारी. लोक जमलेले, हार आणलेला, भाषण पाठ झालेलं. ते वाया कसं घालवणार? "चला," म्हणाले, "माणूस जिता सापडलाय तर दुकानाचं उद्घाटनच करू."

तो हार माझ्याच गळ्यात पडला आणि सगळी वरात पेठेत आली. माझी चादर मामूनं ओढून काढली. मी वाकून शटरला दोन्ही हात लावले आणि क्षणभर थांबलो. मागं अख्खी पेठ उभी होती. हसत होती, पोट धरधरून हसत होती. ज्याला मी महिनाभर भेलो, ते सगळं एकाच सकाळी होऊन गेलं होतं. आणि मला झालं काय होतं? दंडाला एक चिमटा आणि डोक्याला टेंगूळ!

"ढकला की वर!" सुरेखा म्हणाली. ढकललं. पार वरपर्यंत ढकललं. मागनं एकेक करून पेठेची सगळी शटरं वर गेली, आणि सुरेखानं उंबऱ्यावर नारळ असा आपटला की पाणी आप्पांच्या धोतरावर.

त्या दिवसापासून दुकान चालू आहे. मामूच्या पोरीच्या लग्नाचं बॅनर मीच केलं. सकाळी कधी कधी पोटात तो गोळा अजून उठतो, खोटं कशाला बोलू? पण शटर पूर्ण वर जातं. गेल्या साली सुरेखाला तशाच चार शेळ्या परत घेऊन दिल्या.

आणि ते बॅनर? ते तिनं टाकून दिलं नाही. चांगलं जाड फ्लेक्स, कोण टाकतंय? शेळ्यांच्या गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं आडोसा म्हणून बांधलंय. रोज सकाळी दुकानाला निघताना मी स्वतःचं दर्शन घेऊनच जातो. फेटा, कोंबडा, समया, सगळं जागच्या जागी.

फक्त परवा बघितलं तर कोपरा कुरतडलेला. शेळ्यांनी 'होतकरू' खाल्लं, 'कष्टाळू' खाल्लं, 'जिद्दी' तर मुळासकट खाल्लं. कंसातल्या 'ब्रॉयलर'ला मात्र एकीनंही तोंड लावलं नाही!